दवाखान्याची वेळ

माझी बायको दातांची डॉक्टर आहे आणि मी शाळेत भूगोल शिकवतो. लोकांना तोंड उघडायला तिने सांगायचं आणि पृथ्वी कशी फिरते ते मी सांगायचं, अशी आमच्यात लग्नापासून वाटणी आहे. दोघंही एकमेकांच्या प्रांतात ढवळाढवळ करत नाही. त्यामुळे तिच्या दवाखान्याचं घड्याळ मागे पडतंय ही गोष्ट मला सगळ्यांत शेवटी कळली, आणि तीही काउंटरवरच्या ताईंकडून.

घड्याळ म्हणजे भिंतीवरचं नव्हे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, पेशंटांच्या दातांचे प्लॅस्टरचे साचे ठेवलेलं एक कपाट आहे. त्याच्या वरच्या फळीवर चपलांच्या खोक्याएवढा एक काळा डबा बसलेला असतो. तो सर्व्हर. कोणत्या पेशंटला कधी बोलवायचं, कोणाच्या फोनवर आठवणीचा मेसेज कधी टाकायचा, काउंटरच्या पडद्यावर किती वाजलेले दाखवायचे, हे सगळं तो ठरवतो. माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, तो तिथे बसवला आणि मग स्वतः दुसऱ्या शहरात नोकरीला निघून गेला. डबा मागे राहिला, आणि हळूहळू आणखी मागे पडत गेला.

मला कळलं तेव्हा तो चांगला वीस मिनिटं मागे होता. ताई पडदा बघून पेशंटला आत सोडायच्या. नवा पेशंट स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ बघून यायचा आणि पडद्यावरची वेळ बघून चिडायचा. एक बांधकामवाले गृहस्थ तर आपला फोन आणि पडदा शेजारी शेजारी धरून ताईंना विचारत होते की या दोघांपैकी खोटं कोण बोलतंय. दाढ ठणकत असताना माणूस असले मूलभूत प्रश्न विचारतो.

बायकोने जेवताना सहज म्हटलं की भावाला फोन करून विचारायला हवं. मला ते लागलं. मी इतकी वर्षं मुलांना रेखांश आणि स्थानिक वेळ शिकवतो. फळ्यावर गोल काढून सूर्य कुठे आधी उगवतो ते पाठ म्हणून दाखवतो. आणि घरात वेळेचा प्रश्न निघाल्यावर फोन कोणाला, तर मेहुण्याला. मी म्हटलं, हे मी बघतो. बायकोने भाजीचा डबा माझ्याकडे सरकवला आणि काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं हे वेगळं प्रकरण आहे. पेशंटलाही दुखणार असेल तेव्हा ती काही बोलत नाही.

तरी शिष्टाचार म्हणून मी मेहुण्याला कळवलं. तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही हात लावू नका. मी सुट्टीत आलो की बघतो." यानंतर हात न लावणं मला शक्य नव्हतं.

पहिला उपाय सोपा होता. डब्याला पडदा आणि कळफलक जोडायचा आणि बरोबर वेळ टाकायची. फक्त बरोबर वेळ कोणती, एवढंच ठरवायचं होतं. मी ते मोठ्याने म्हणालो, ही माझी चूक. शेजारच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक तेवढ्यासाठी दुकान सोडून आले. त्यांचं म्हणणं, त्यांच्या दुकानातलं घड्याळ त्यांच्या वडिलांनी लावलेलं आहे आणि वडील शब्दाचे पक्के होते. वरच्या मजल्यावरचे काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. ते जिना उतरून आले ते मनगट पुढे करूनच. बँक त्यांच्या घड्याळावर उघडत असे. मी अतिशय नम्रपणे विचारलं की मग आता ते निवृत्त झाल्यावर बँक कशावर उघडते. काकांनी त्यानंतर बराच वेळ माझ्याशी न बोलता, माझ्याबद्दल चष्मेवाल्यांशी बोलणं पसंत केलं. या दोन घड्याळांत तीन मिनिटांचा फरक होता आणि माझा फोन दोघांच्या मधोमध होता. मी फोनची वेळ घेतली. दोघांनाही वाटलं की मी दुसऱ्याच्या बाजूने निकाल दिला.

दोन दिवस घड्याळ सुरळीत चाललं. मग वीज गेली, परत आली, आणि डबा जागा झाला तो पुन्हा आपल्या जुन्या वेळेवर. माझी वेळ त्याने रात्रीत विसरून टाकली होती. कपाटातल्या सगळ्या प्लॅस्टरच्या जबड्यांनी एकदम दात दाखवले. अर्थात ते नेहमीच दाखवत असतात, पण त्या सकाळी मला ते वैयक्तिक वाटलं.

पुन्हा मेहुणा. या वेळी त्याने सुस्कारा सोडून समजावलं. हाताने वेळ टाकायची नसते. जगात काही यंत्रं अशी आहेत की अचूक वेळ सांगणं एवढंच त्यांचं काम. आपल्या डब्याला त्यांचा पत्ता द्यायचा. मग तो इंटरनेटवरून दर थोड्या वेळाने त्यांना विचारतो की किती वाजले, आणि स्वतःला सुधारून घेतो. मी म्हटलं, हे मला माहीतच होतं. तो म्हणाला, "मग उत्तमच." आमच्या नात्यात याहून जास्त जिव्हाळा कधी नव्हता.

त्याने पाठवलेल्या ओळी मी डब्यात जशाच्या तशा टाकल्या. डबा विचारत राहिला, उत्तर काही येईना. दुपारभर तो विचारतोय आणि पलीकडे सगळं चिडीचूप. मेहुण्याने निदान केलं की इंटरनेट कंपनीने वेळ आत येण्याची वाट अडवून ठेवली असणार. पोर्ट बंद असेल, उघडून घ्या, असं त्याने जाता जाता सांगितलं. जणू काही मला फक्त जाऊन कडी काढायची होती.

इंटरनेट कंपनीचं ऑफिस एका कपड्याच्या दुकानावर आहे. काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, काय हवंय. मी सरळ म्हणालो, "मला वेळ हवी आहे."

"कोणाची?"

"कोणाची नाही. अशीच. खरी."

त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि सांगितलं की साहेबांची वेळ हवी असेल तर आधी वेळ घेऊन यावं लागतं. मी म्हटलं, मला साहेबांची वेळ नको आहे, वेळ बाहेरूनच येणार आहे, फक्त तुम्ही ती अडवली आहे. त्या म्हणाल्या, आम्ही कोणाचाच वेळ अडवत नाही. हे त्या तासभर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सांगत होत्या, पण तो मुद्दा मी मोठ्या मनाने सोडून दिला. त्यांच्या यंत्रात तक्रारींचे प्रकार ठरलेले होते. वेग कमी, बिल चुकीचं, जागा बदलली. वेळ मिळत नाही, असा प्रकार त्यात नव्हता. शेवटी त्यांनी माझी तक्रार 'वेग कमी' मध्ये घातली. घड्याळ मागे पडतंय म्हणजे वेगच कमी की नाही, असं त्यांनीच मला, भूगोलाच्या शिक्षकाला, समजावलं.

मग दवाखान्यात एक माणूस आला आणि वेग मोजून गेला. वेग उत्तम होता. तक्रार बंद झाली. मी पुन्हा गेलो, पुन्हा उघडली. पुन्हा माणूस आला, पुन्हा मोजून गेला. तिसऱ्या खेपेला वैतागून बाईंनी मला साहेबांकडेच नेलं. साहेबांनी ऐकून घेतलं, कोणाला तरी फोन लावून दोन वाक्यं बोलले आणि म्हणाले, उघडलंय. इतकं सोपं निघाल्यावर माणसाचा विरस होतो. मी घरून चार मुद्दे काढून नेले होते, त्यातला एकही वापरता आला नाही.

आता मुख्य काम. मी शाळेतून अर्धा दिवस रजा घेतली. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं, 'वेळ लावण्यासाठी'. हेडमास्तर तेव्हा दाढदुखीने बेजार होते, संध्याकाळी बायकोकडेच ती काढून घ्यायला जाणार होते. त्यांनी कारण न वाचता सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दवाखाना उघडल्या उघडल्या मी मागच्या खोलीत स्टूल घेऊन बसलो. बायको पुढे एका दातात सिमेंट भरत होती. मी डबा चालू केला, त्याला विचारू दिलं, आणि या वेळी बाहेरून उत्तर आलं. पडद्यावर घड्याळ हललं. हललं म्हणजे काय, कित्येक तास मागे गेलं. जगातल्या सगळ्यांत अचूक यंत्रांनी मला सांगितलं की अजून पहाट व्हायची आहे. बाहेर तर चांगलं ऊन पडलं होतं.

मी गडबडलो नाही. हा माझा विषय होता. ती यंत्रं ग्रिनिचची वेळ सांगतात, तिच्यात आपल्या देशाचा फरक मिळवायचा असतो. मेहुण्याने तो कधी सांगितलाच नव्हता डब्याला. घाईघाईत नुसती मनगटावरची वेळ टाकून तो नोकरीला पळाला होता. मेहुण्याची चूक सापडल्याचा आनंद काय असतो हे ज्याला मेहुणा आहे त्यालाच कळेल. मी तो दोन मिनिटं स्टुलावर बसून शांतपणे उपभोगला.

फरक निवडण्यासाठी एक लांबलचक यादी होती. तिच्यात शहरांची नावं होती. आमचं नव्हतं. आपल्या देशातलं एकच शहर होतं, आणि ते नेमकं ज्या शहराशी आमचं कशावरूनच पटत नाही ते. त्या शहराची वेळ माझ्या बायकोच्या दवाखान्यात चालू देण्यापेक्षा मी शास्त्राचा मार्ग धरला. यादीच्या खाली 'ग्रिनिच अधिक अमुक', 'ग्रिनिच उणे तमुक' असे पर्याय होते. आपण ग्रिनिचच्या पूर्वेला. पूर्वेला अधिक. हे सातवीतलं पोर झोपेत सांगेल. मी अधिक निवडलं.

घड्याळ तितकंच आणखी मागे गेलं. आता डब्याच्या मते कालची संध्याकाळ चालू होती.

मी खिडकीतून सूर्य बघितला. सूर्य होता तिथेच होता. क्षणभर मला माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांचे चेहरे दिसले, ज्यांना मी पूर्वेला अधिक लिहिलं नाही म्हणून गुण कापले होते. मग मी डब्याची माहितीपुस्तिका उघडली आणि तिच्यात अगदी खाली, बारीक अक्षरात, एक टीप सापडली. जुन्या प्रथेमुळे या पर्यायांमध्ये चिन्हं उलटी धरलेली आहेत. पूर्वेला उणे, पश्चिमेला अधिक. कोणाची प्रथा, का, काही नाही. नुसतं उलटं आहे, म्हणून उलटं.

पूर्वेला उणे मी माझ्या हाताने निवडणार नव्हतो. नोकरी पेन्शनीला आली आहे, आता तत्त्वं कुठे सोडायची. त्यापेक्षा ते दुसरं शहर परवडलं. मी मान खाली घालून त्याच्या नावावर बोट दाबलं.

घड्याळ कालच्या संध्याकाळवरून उडी मारून थेट आत्ताच्या क्षणावर येऊन थांबलं. फोन काढून बघितलं, सेकंदाला सेकंद. मी स्टुलावर मागे रेललो. स्टुलाला पाठ नसते हे त्या आनंदात विसरलो आणि कपाटाला डोकं आपटलं. एक प्लॅस्टरचा जबडा माझ्या मांडीत पडला. तो मी जपून जागेवर ठेवत होतो तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजायला लागला. तो ठेवला की पुन्हा. मग ताईंचा स्वतःचाही.

झालं होतं असं. आठवणीचे मेसेज पाठवणारा भाग हा त्या डब्यातला सगळ्यांत कर्तव्यदक्ष भाग. घड्याळ एका उडीत काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत आल्यावर त्याने पाहिलं की एवढा सगळा वेळ निघून गेला आणि आपण कोणालाच आठवण केली नाही. त्याने ती सगळी एकदम केली. काल संध्याकाळी ज्यांचं काम होऊन गेलं त्यांना, आज सकाळी ज्यांना यायचं होतं त्यांना, सगळ्यांना, एकाच क्षणी. आणि मेसेजचा मजकूर मेहुण्याने लिहिलेला होता. 'आपली वेळ जवळ आली आहे. कृपया त्वरित निघावे.'

लोक निघाले. गावात एवढी आज्ञाधारक माणसं आहेत याची मला कल्पना नव्हती. बाकं भरली, मग जिना भरला. काल दाढ काढलेले लोक गालाला हात लावून आले, आणखी एक काढायची राहिली की काय या भीतीने. बांधकामवाले आले, दोन फोन घेऊन आले. मी चष्मेवाल्यांकडून खुर्च्या वाहून आणत होतो. त्यांनी खुर्च्या दिल्या आणि खुर्च्यांबरोबर स्वतःही आले. वरचे काका जिन्यात मध्येच उभे राहून प्रत्येकाला आपलं घड्याळ दाखवत होते.

एक आजी दारातच मला भेटल्या. त्यांनी मेसेज वाचून आधी मुलाला फोन केला होता, मग मुलीला, मग चांगलं पातळ नेसून आल्या होत्या. मी त्यांचा हात धरून आत नेलं आणि झाला प्रकार सांगितला. मला खरंच वाईट वाटत होतं. त्या म्हणाल्या, बरं झालं बाबा, मुलगा बऱ्याच दिवसांनी एवढा वेळ बोलला. आणि पदर सावरून, आता आलेच आहे तर दात बघून घेते म्हणून बसल्या.

आणि मग हेडमास्तर आले. एक गाल फुगलेला, तोंडात अजून कापूस, बोलता काही येत नव्हतं. त्यांनी मला खुर्च्या वाहताना पाहिलं. खिशातून फोन काढून मेसेज दाखवला आणि भुवया वर केल्या. मी सगळं सांगितलं. पोर्टपासून पूर्वेला उणेपर्यंत. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी मला मध्ये न तोडता ऐकून घेतलं.

त्या गर्दीत आतलं दार उघडलं आणि बायको बाहेर आली. तोंडावर मास्क, हातात हातमोजे. तिने बाकांकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू?"

"घड्याळ बरोबर आहे आता," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि मास्क खाली करून सगळ्यांना नेहमीच्या आवाजात सांगितलं की मेसेज चुकून गेला आहे, कोणाची दाढ दोनदा काढली जाणार नाही. काल ज्यांचं काम झालं त्यांची जखम आलेच आहात तर बघून घेते. बाकीच्यांना ताई क्रमाने बोलावतील. ज्यांना थांबणं जमणार नाही त्यांनी उद्या या, माझी हरकत नाही. एवढंच. आवाज चढला नाही, की माझं नाव निघालं नाही. लोक हळूहळू सैल झाले. कोणी हसलंही. दुपारचं जेवण न घेता ती एकेक पेशंट बघत राहिली, आणि मी पाणी भरून आणत राहिलो, कारण मला दुसरं काही येत नव्हतं.

संध्याकाळी ती हात धुऊन आली तेव्हा मी बोलणी खायच्या तयारीत होतो. माफीचं एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. तिने स्वतःचे खांदे दाबत विचारलं, "पुन्हा वीज गेली तर?"

"तरी बरोबर राहील. तो स्वतःच विचारून घेतो."

"मग झालं." ती बसली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी लोक दवाखान्यात असताना काही करू नकोस. आधी मला सांग."

मी हो म्हणालो. जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं.

रात्रभर मला समोरच्या चौकातला नवा काचेचा दवाखाना दिसत होता. तिथे म्हणे पेशंटला वाट बघावीच लागत नाही. आमच्या जिन्यावर उभे राहिलेले लोक आता तिकडेच जाणार, आणि तिने इतक्या वर्षांत जोडलेली माणसं मी एका सकाळी तोडली, हेच डोक्यात घोळत होतं. दुसऱ्या दिवशी शाळेआधी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो. पडद्यावर वेळ अचूक होती. पहिल्या पेशंटची वेळ झाली. कोणी आलं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ताई उगाच टेबल पुसत होत्या. मी खिडकीतून चौकाकडे बघत होतो.

चांगल्या वीस मिनिटांनी जिन्यावर सावकाश पावलं वाजली. पोस्टातले एक गृहस्थ, जुने पेशंट. मी धावत पुढे जाऊन दार उघडलं आणि काही अडचण आली का विचारलं.

"छे, अडचण कसली," ते चपला काढत म्हणाले. "तुमचं घड्याळ मागे असतं ना, म्हणून मी नेहमी या हिशेबानेच निघतो. सगळेच तसे निघतात."

त्यांच्यानंतरचा पेशंटही तसाच आला, आणि त्याच्यानंतरचाही. सगळे ठणठणीत, वेळेवर, वीस मिनिटं उशिरा. कोणी कुठे गेलं नव्हतं. डबा मागे पडत गेला होता तशी ही माणसंही न बोलता त्याच्याबरोबर मागे सरकली होती.

मी त्याच दिवशी शाळेतून जाड पुठ्ठा आणला. 'या दवाखान्यातील वेळ आता अचूक आहे, पेशंटांनी नोंद घ्यावी' असं ठळक अक्षरांत लिहिलं. खाली दोन रेषाही मारल्या. दुसऱ्या सकाळी तो घेऊन दवाखान्यात गेलो. बायको पेशंटच्या खुर्चीत पाय सोडून बसली होती. ती खुर्ची मागे कलते, हे तिने स्वतःसाठी कधी वापरलेलं मी पाहिलं नव्हतं. हातात चहा होता आणि त्यातून वाफ निघत होती. ताईंनी मलाही कप दिला. बाहेर कोणी नव्हतं, आणि अजून बराच वेळ येणार नव्हतं.

तिने माझ्या हातातला पुठ्ठा घेतला, वाचला, अक्षर छान आलंय म्हणाली आणि पालथा करून कपाटावर, डब्याच्या मागे सरकवून ठेवला.

"बस," ती म्हणाली. "चहा पी. आणि घड्याळ बरोबर झालंय हे कोणाला सांगू नकोस."

मी डॉक्टरांच्या गोल स्टुलावर बसलो.